जुना मॉनिटर मधेच काळा पडतो, पट्टे येतात, उशिरा लागतो: दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं?

जुना एलसीडी मॉनिटर त्रास द्यायला लागला की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: "पॅनेल गेलंय, दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या." पुष्कळदा पॅनेल ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारा काही रुपयांचा कपॅसिटर, सैल झालेली केबल किंवा मध्ये लावलेला कन्व्हर्टर. केवळ निदान चुकलं म्हणून चालती वस्तू भंगारात जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी तालुक्याच्या गावी एका शाळेची संगणक खोली आणि शेजारच्या वाचनालयातले संगणक सांभाळतो. तिथले मॉनिटर बहुतेक १७ आणि १९ इंची, बारा-पंधरा वर्षं वापरलेले. या वयातला दोष येतो-जातो. सकाळी असतो, दुपारी नसतो. कारागिराकडे नेला की मॉनिटर दिवसभर नीट चालतो, परत आणून टेबलावर ठेवला की पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी पडद्यावर काय दिसतं यापेक्षा ते कधी दिसतं, यावरून जास्त कळतं. मॉनिटरच्या पाठीला एक कागद चिकटवा आणि दोष दिसला की तीन गोष्टी लिहा: मॉनिटर त्याआधी किती वेळ चालू होता, कशाला हात किंवा धक्का लागला का, आणि पॉवरच्या दिव्याचा रंग कोणता होता. थंड असताना येणारा दोष, गरम झाल्यावर येणारा दोष आणि हलवल्यावर येणारा दोष यांची कारणं वेगवेगळी असतात. एवढी नोंद हातात असेल तर कारागिरालाही अंदाजाने पार्ट बदलत बसावं लागत नाही.

दोष मॉनिटरचा की संगणकाचा?

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे ठरवायचं. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेन्यू उघडा, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा. हा मेन्यू संगणकाकडून येत नाही, तो मॉनिटरच्या आतला बोर्ड तयार करतो. मागचं चित्र थरथरतंय, त्यात रेघा आहेत, रंग बिघडलेत, पण मेन्यूची चौकट मात्र स्वच्छ आणि स्थिर आहे, असं असेल तर पॅनेलवरचा संशय जवळजवळ मिटला. दोष केबलमध्ये, कन्व्हर्टरमध्ये किंवा संगणकात शोधायचा. क्वचित मॉनिटरच्या इनपुट सॉकेटपाशी. रेघ मेन्यूच्या चौकटीवरूनही जात असेल तर दोष मॉनिटरच्या आत आहे आणि संगणक फॉरमॅट करून काहीही साधणार नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण रेघा आल्या म्हणून विंडोज पुन्हा टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी खूण स्क्रीनशॉटची. दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या, फोनवर पाठवा आणि फोनवर पाहा. बिघाड स्क्रीनशॉटमध्येही उतरला असेल तर तो ग्राफिक्सचा किंवा ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बिघाड त्याच्या पुढे, म्हणजे ग्राफिक्सच्या पोर्टपासून पडद्यापर्यंत कुठेतरी आहे. संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या स्क्रीनवरही तेच दिसत असेल तर विंडोजचा त्यात काही संबंध नाही. ड्रायव्हर अडकल्याचा संशय असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. पडदा क्षणभर काळा होऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

पडदा काळा आणि दिवा नारिंगी किंवा लुकलुकणारा, तर पहिल्यांदा सिग्नलची केबल काढून पाहा. केबल काढल्यावर "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" असा संदेश स्पष्ट उमटला तर मॉनिटर त्याचं काम करतो आहे, संगणकच त्याला चित्र देत नाही. तिथे रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसून परत बसवणं हा आपल्याकडचा जुना उपाय आजही सगळ्यात जास्त वेळा लागू पडतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली नाही ना, तेही पाहा.

केबल आणि कन्व्हर्टर

व्हीजीए, म्हणजे जुन्या पंधरा पिनांच्या केबलचा दोष रंगावरून ओळखता येतो. लाल रंगाची तार तुटली तर पांढरा भाग निळसर-हिरवट दिसतो, हिरवी तुटली तर गुलाबी-जांभळा, निळी तुटली तर पिवळा. केबल कनेक्टरजवळ थोडी वाकवल्यावर रंग येतो-जातो का ते बघा. कनेक्टरमध्ये वाकलेली पिन दिसली तर चिमट्याने हळूच सरळ करा. एखादी पिन नाहीच असं दिसलं तर लगेच केबल फेकू नका; पंधरा पिनांपैकी नववी पिन कित्येक चांगल्या केबलमध्ये मुळातच नसते. दोन्ही बाजूंचे स्क्रू मात्र आवळलेले हवेत. शाळेत निम्म्या तक्रारी तेवढ्याने मिटतात.

चित्र पूर्ण आहे पण अक्षरं फुगीर आणि धूसर, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही, मॉनिटरचं नावही विंडोजला कळत नाही, असं असेल तर मॉनिटरची माहिती संगणकापर्यंत पोचवणाऱ्या पिना जोडलेल्या नाहीत. केबल बदला. रिझोल्यूशन बरोबर असूनही अक्षरांच्या कडा थरथरत असतील तर मेन्यूतलं "ऑटो अॅडजस्ट" चालवा, आणि ते करताना पडद्यावर पांढऱ्या पानावरचा भरपूर मजकूर ठेवा, म्हणजे मॉनिटरला चित्राच्या कडा नीट सापडतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित वस्तू: एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. नव्या संगणकाला व्हीजीए पोर्ट नसतो, जुन्या मॉनिटरला एचडीएमआय नसतो, म्हणून मध्ये हा छोटा तुकडा येतो. तो साधा जोड नाही. आत एक चिप असते, ती एचडीएमआय पोर्टातून मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या मोजक्या विजेवर चालते आणि तापते. लक्षण ठरलेलं: पहिला अर्धा-पाऊण तास सगळं सुरळीत, मग पडदा एखादा सेकंद काळा होऊन परत येतो आणि हे हळूहळू वाढत जातं. कागदावर "गरम झाल्यावर" अशी नोंद झाली की मी आधी कन्व्हर्टरला हात लावून पाहतो. चटका बसण्याइतका गरम असेल तर दुसरा लावून बघा, शक्यतो बाहेरून यूएसबीची वीज घेता येणारा.

व्हीजीएवर चित्रात रुंद, फिकट आडवे पट्टे हळूहळू वरखाली सरकत असतील तर अर्थिंग तपासा. संगणक एका बोर्डावर आणि मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर, त्यात एकाचा प्लग दोन पिनांचा, ही मांडणी जुन्या इमारतीत नेहमी दिसते. दोन्ही एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या प्लगने आणि खऱ्या अर्थिंगवर घ्या. मॉनिटरच्या धातूच्या भागाला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर चित्राचं नंतर बघू. आधी वायरमनला बोलवा.

चित्र येतं आणि दोन सेकंदांत काळं होतं

या दोषावर सगळ्यात जास्त मॉनिटर भंगारात जातात, म्हणून इथे थोडं थांबतो.

बटण दाबलं की कंपनीचं नाव उजळ दिसतं, विंडोजही दिसतं, आणि एक-दोन सेकंदांत सगळं काळं. पॉवरचा दिवा मात्र हिरवा किंवा निळाच. बटण बंद-चालू केलं की पुन्हा तेवढंच. आता खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरका धरा आणि उजेड सावकाश फिरवा. काळ्या पडद्यात टास्कबारची पट्टी, आयकॉनच्या कडा, हलणारा बाण असं फार पुसट काहीतरी दिसेल. ते दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, केबल बरोबर आहे, संगणक बरोबर आहे. गेलेला आहे तो फक्त पडद्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट.

साधारण २०१० च्या आधीच्या मॉनिटरमध्ये हा उजेड सीसीएफएल नावाच्या बारीक नळ्यांचा असतो, नंतरच्यांत एलईडीचा. नळ्यांना पेटायला आणि जळत राहायला काहीशे ते हजारावर व्होल्ट लागतात, ते तयार करणारा बोर्ड म्हणजे इन्व्हर्टर. (घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही.) एखादी नळी थकली, नळीचा कनेक्टर सैल झाला, इन्व्हर्टरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची आतली तार तुटली किंवा त्याला मिळणारा पुरवठा ढळला, तर इन्व्हर्टरची चिप धोका ओळखून सगळ्याच नळ्या बंद करते. ते दोन सेकंद म्हणजे या चिपने घेतलेला वेळ. संरक्षण नीट काम करतंय म्हणून पडदा काळा होतो.

नळी आणि पुरवठा यांत फरक कसा करायचा? नळी म्हातारी झाली असेल तर आधीचे काही महिने मॉनिटर सुरू होताना गुलाबी-तांबूस दिसायचा आणि उजळायला वेळ घ्यायचा, किंवा एक कड सतत काळसर असायची. असं काही न होता दोष एकदम सुरू झाला आणि थंड सकाळी तो जास्त असतो, तर संशय पुरवठ्यावर, म्हणजेच कपॅसिटरवर. ब्राइटनेस तीसपर्यंत उतरवल्यावर पडदा जास्त वेळ टिकत असेल तर तात्पुरतं काम तेवढ्यावर चालवून घेता येतं.

एलईडीच्या मॉनिटरमध्ये पट्टीतला एखादा दिवा गेला की एक भाग अंधारतो किंवा सगळाच उजेड बंद होतो. तिथे पॅनेलचे थर उघडावे लागतात आणि आत धूळ शिरली की ती कायमची दिसत राहते. ते काम घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थंड असताना लागत नाही

हिवाळ्यात सकाळी बटण दाबलं की दिवा लुकलुकतो, टिक-टिक आवाज येतो, पाच-दहा मिनिटांनी मॉनिटर लागतो आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतो. नाशिक-नागपूरकडच्या थंडीत हे हमखास दिसतं. कारण एकच: पॉवर बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्यांना दुकानात अजूनही कंडेन्सर म्हणतात. त्यांच्या आतला द्रव वर्षानुवर्षं गरम होऊन आटत जातो, आतला रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. थोडं तापल्यावर रोध उतरतो आणि पुरवठा सावरतो. संध्याकाळी दुकानात नेलेला मॉनिटर तिथे लगेच का लागतो, त्याचं उत्तर यात आहे.

खात्री करायची असेल तर प्लग काढा, मागच्या जाळीतून हेअर ड्रायरची कोमट हवा एक-दोन मिनिटं आत सोडा, ड्रायर बाजूला ठेवून प्लग लावा आणि मॉनिटर सुरू करा. एरवी दहा मिनिटं घेणारा मॉनिटर पटकन लागला तर कपॅसिटरच. बाहेरचा अडॅप्टर असलेल्या मॉनिटरमध्ये मात्र आधी अडॅप्टर बदलून बघा. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची ध्रुवता (धन-ऋण बाजू) तीच हवी.

रेघा

एक बारीक, रंगीत, वरपासून खालपर्यंत जाणारी उभी रेघ कायम एकाच जागी असेल तर ती पॅनेलची. १९२० बाय १०८० च्या पॅनेलमध्ये आडव्या दिशेने १९२० ठिपके आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ५७६० उभ्या ओळी असतात. त्या पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या लवचिक पट्ट्यांमधून जोडलेल्या असतात. त्यातला एक जोड सुटला की एक रेघ. चौकटीची कड त्या जागी हलकेच दाबल्यावर रेघ जाते आणि सोडल्यावर येते, तर जोडच सुटला आहे. कागदाची घडी घालून दाब देणारे लोक आहेत, पण तो दाब टिकत नाही आणि शेजारच्या ओळीही सुटतात. रेघ कडेला असेल तर मॉनिटर तसाच वापरा, दुरुस्तीवर खर्च करू नका.

अर्धा पडदा बिघडणं, चित्रावर रंगीत दाणे येणं, रंग उलटे दिसणं, आणि हे सगळं मेन्यूवरही दिसणं, ही वेगळी गोष्ट. मेन बोर्डापासून पॅनेलपर्यंतची आतली केबल सैल झाली की असं होतं. मॉनिटर थोपटल्यावर चित्र सुधारत असेल तर आशा ठेवा. ती केबल काढून, टोक साफ करून परत बसवली की बहुतेक वेळा काम होतं.

पावसाळ्यातला त्रास

जून-जुलैत कोकणात आणि घाटमाथ्यावर आणखी एक तक्रार येते: मेन्यू आपोआप उघडतो, ब्राइटनेस स्वतःहून वरखाली होतो, मॉनिटर मधेच बंद होतो. बटणांच्या छोट्या बोर्डावर धूळ आणि ओल साचून बटण दाबल्यासारखा संपर्क होतो. प्लग काढून तो बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकवा. दमट हवेत मॉनिटर रोज थोडा वेळ चालू ठेवणं हाच त्यावरचा चांगला बंदोबस्त.

पडद्याच्या आत बारीक किडा हिंडताना दिसला तर त्याला बोटाने दाबू नका. थरांच्या मध्ये तो चिरडला तर कायमचा डाग राहतो. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करून बाजूला दिवा लावा. किडा बहुधा स्वतःच बाहेर पडतो.

उघडायचाच असेल तर

२३० व्होल्टचा पुरवठा एकदिश (डीसी) झाला की पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. प्लग काढून वाट पाहा, मग मल्टिमीटरने मोजा. वीज उरली असेल तर होल्डरला दोन वायरी जोडलेल्या साध्या फिलामेंटच्या बल्बमधून उतरवा, स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढू नका. मल्टिमीटर वापरायची सवय नसेल तर इथे थांबा आणि नोंदींचा कागद घेऊन जाणत्या कारागिराकडे जा. पिक्चर ट्यूबचा जुना खोका असेल तर तो घरी उघडूच नका. रंगीत ट्यूबवर २५ हजार व्होल्टपर्यंत दाब असतो.

खराब कपॅसिटर डोळ्यांनी दिसतो. चांगल्याचा माथा सपाट असतो, त्यावर खाचा कोरलेल्या असतात. खराब झालेल्याचा माथा फुगून घुमटासारखा वर येतो, खाचेतून तपकिरी खपली डोकावते, कधी बुडाशी चिकट डाग असतो. काही मात्र बाहेरून नीट दिसूनही आतून गेलेले असतात, म्हणून एक फुगलेला सापडला तर त्या भागातले सगळेच बदला. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. जागा असेल तर १६ व्होल्टच्या ठिकाणी मी २५ चा बसवतो. अंगावरची पट्टी ऋण टोकाची, ती उलटी बसता कामा नये.

दोष महिन्या-दोन महिन्यांत परत येतो त्याचं कारण बहुतेकदा इथेच असतं: कारागीर हाताशी असलेला साधा ८५ अंशांचा कपॅसिटर लावून देतो. पॉवर बोर्डाला १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा, म्हणजे आतला रोध कमी असलेला लागतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि बंद खोक्यात तापमान चढतंच. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला "लो ईएसआर, एकशे पाच डिग्री" असं स्पष्ट मागा आणि अंगावर छापलेलं वाचून घ्या. नळ्यांचा मॉनिटर टाकायचाच झाला तर तो फोडू देऊ नका, नळ्यांत पारा असतो. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.

कपॅसिटर बदलून मॉनिटर लागला म्हणून लगेच मागचं झाकण कायमचं बसवू नका. दोन-तीन तास पूर्ण ब्राइटनेसवर चालू द्या, मग प्लग काढून रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी एकाच दाबात, न लुकलुकता लागला आणि दहा मिनिटं टिकला तर सगळे स्क्रू आवळा. लुकलुकलाच तर आधी नव्या कपॅसिटरचे सोल्डर तपासा, मग पहिल्या फेरीत सोडून दिलेले छोटे कपॅसिटर, विशेषतः पॉवरच्या चिपजवळचा.